भाऊजींची पेडलं

बहिणीच्या नवऱ्याला मान द्यावा लागतो, म्हणून मी निरंजन गभणे यांना भाऊजी म्हणतो, अहो-जाहो करतो आणि ते घरी आले की उठून खुर्ची देतो. एवढं केलं की माणसाबद्दलचं आपलं खरं मत आपल्यापाशी ठेवायला मोकळीक मिळते. माझं मत असं की रायपुरात गुढियारीपासून उरलापर्यंत शोधलं तरी स्वतःवर इतका खूश आणि कामाला इतका कमी माणूस सापडायचा नाही. जावयाला लोक दशमग्रह म्हणतात. आमचा ग्रह तर बास गिटार वाजवतो.

गभण्यांचं घराणं मूळ तुमसरकडचं. भाऊजींचे वडील पांडुरंगकाका तरुणपणी रायपूरला आले, उरलाच्या एका रोलिंग मिलमध्ये लागले आणि तिथेच म्हातारे झाले. लाल झालेलं लोखंड रोलरांमधून दाबून त्याच्या सळ्या काढायच्या, हे काम. तिथे आवाज असा की माणसं आपसात हातवाऱ्यांनी बोलतात. गुढियारीत त्यांच्या गल्लीत बहुतेक मिलवालेच राहतात, आणि मिलमधून घरी आलं तरी त्यांचा आवाज खाली उतरत नाही. मीठ मागायचं तरी भांडण काढल्यासारखं मागतात. माझी अनुताई लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हा तिला वाटलं, या घरात कोणाचं कोणाशी पटत नाही. पुढे तिचाही आवाज चढला.

या ओरडण्यामुळेच एक गोष्ट कितीतरी वर्षं झाकली गेली. पांडुरंगकाकांना ऐकू येत नव्हतं. जिथे सगळेच ओरडतात तिथे बहिरा कोण हे कसं कळणार? शिवाय काकांनी स्वतःही ते लपवलं होतं. मिलमध्ये ज्याचे कान गेले त्याला मशीनवरून काढून फाटकावर बसवायचे, आणि काकांना फाटकावर बसायचं नव्हतं. कोणी बोललं की ते ओठ बघायचे, अंदाज बांधायचे, नाहीतर मान वळवून निघून जायचे. गल्लीने आणि घराने त्याचा अर्थ लावला की म्हातारा घमेंडी आहे.

आता भाऊजींबद्दल. त्यांना लहानपणापासून गिटारवाला व्हायचं होतं. म्हणजे स्टेजच्या पुढे येऊन, डोळे मिटून, मान मागे टाकून वाजवणारा. मान मागे टाकणं त्यांना चांगलं जमायचं. बोटं मात्र जाड आणि हात जड. अश्विन गजभिये आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक, स्वतः ऑक्टोपॅड वाजवतो. त्याने यांची गिटार एकदा ऐकली आणि यांना न दुखावता हातात बास दिला. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्याखालचा तो दमदार, पोटात उतरणारा आवाज तिचा असतो. लग्नातली माणसं नाचतात तिच्यावर आणि बघतात गायकाकडे, हे तिचं नशीब. भाऊजींनी ते कधी स्वीकारलं नाही. दिवसा दुचाकीच्या शोरूममध्ये नव्या गाड्यांच्या नोंदणीची कागदं बघायची आणि लग्नसराईत आमच्यासोबत मागच्या रांगेत उभं राहायचं, याला ते अन्याय म्हणायचे. मी त्याच ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. मीही मागच्याच रांगेत असतो. मला अन्याय वगैरे काही वाटला नाही.

पण सांगायला हवं, साधा बास भाऊजी ठीक वाजवायचे. जाड बोटं तिथे कामाला यायची. संध्याकाळी पुढच्या खोलीत ते रियाजाला बसले की पांडुरंगकाका हातपाय धुऊन यायचे, प्लास्टिकची खुर्ची ओढून स्पीकरच्या डब्याला टेकवायचे आणि डब्यावर तळहात ठेवून बसायचे. बोलायचे नाहीत. रियाज संपला की खुर्ची उचलून न्यायचे. हे कित्येक वर्षं चाललं होतं. भाऊजींना वाटायचं, बाबा पहारा करायला बसतात, कधी एकदा हे बंद होतं म्हणून. ज्याचं लक्ष फक्त स्वतःकडे, त्याला दुसऱ्याचा हात कुठे आहे ते काय दिसणार.

मग पेडलं आली. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर आधी या डबीत जाते, तिथे आवाजाचं काहीतरी होतं आणि मग तो स्पीकरकडे जातो. एका डबीने आवाज फाटतो, एकीने थरथरतो, एकीने विहिरीत बोलल्यासारखा पुन्हा पुन्हा येतो. भाऊजींनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून अशा डब्या जमवल्या, प्लायवूडवर जुन्या गालिच्याचा तुकडा ठोकला आणि त्यावर सगळ्या ओळीने बसवल्या. सगळ्या गिटारच्या. अश्विनने बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"भैया, गिटारच्या पेडलनं बासचा खालचा आवाज उडून जाते," तो म्हणाला. "बासचे पेडल अलग येते. त्यात साधा आवाजबी संगं सोडता येते, म्हणून दम कायम रायते."

भाऊजींनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "ते बासवाल्याइसाठी असते," ते म्हणाले.

पेडलं लावून पहिला कार्यक्रम झाला तो पुरानी बस्तीतल्या एका लग्नाचा. भाऊजींनी पायाने डबी दाबली आणि बास गेला. म्हणजे आवाज होता, पण तो वरच्या वर. कढईत ओली भाजी टाकल्यासारखं नुसतं चर्र. खालचं सगळं बेपत्ता. नाचणाऱ्यांना काय झालं ते कळलं नाही, पण पायांना कळतं. नवऱ्याचे मामा एकेक करून खुर्च्यांवर जाऊन बसले. अश्विन माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, "लोकेश, डाव्या हातानं खालचं पकड."

मी पकडलं. कीबोर्डच्या डाव्या बाजूला बासचा आवाज लावला आणि डाव्या हाताने भाऊजींची ओळ वाजवायला लागलो. मामा उठले. त्या दिवसापासून प्रत्येक कार्यक्रमात माझा उजवा हात माझं काम करायचा आणि डावा हात भाऊजींचं. भाऊजींना याची खबरच नव्हती. लोक नाचताना बघून ते मला कोपराने ढोसायचे आणि म्हणायचे, "देखा? पेडल का कमाल." नाचता येईना त्याचं अंगण वाकडं असतं असं ऐकलं होतं. इथे नाच दुसऱ्याचा आणि अंगणाचं कौतुक यांना.

घरी मात्र माझा डावा हात नव्हता. पेडलं आली त्या संध्याकाळी काका नेहमीसारखे खुर्ची घेऊन आले, डब्यावर हात ठेवला, थोडा वेळ बसले. मग डब्याला दोन टिचक्या मारल्या, वाकून मागची वायर बघितली, पुन्हा हात ठेवला. मग खुर्ची उचलली आणि गल्लीत जाऊन बसले. त्यानंतर ते खोलीत आलेच नाहीत. भाऊजींनी हे मनाला लावून घेतलं. "मी आगे जाऊन राहिलो, ते बाबाले पचत नाही," असं ते चारचौघांत सांगायला लागले.

खरं काय ते ताईने शोधलं. ती स्वयंपाकघरात होती, कुकरची शिटी झाली, आणि कुकरशेजारीच बसून लसूण सोलणाऱ्या काकांनी मान वर केली नाही. मग ती मागे उभी राहून देवाची घंटी वाजवून बघायला लागली. घंटीला काका हलले नाहीत. गल्लीच्या टोकाला मालाचा ट्रक घरघरला, तेव्हा म्हणाले, "ट्रक आला वाट्टे." काकांच्या रिटायरमेंटला थोडेच दिवस राहिले होते, आता फाटकावर बसायची भीती नव्हती, म्हणून ते तिच्याबरोबर डॉक्टरकडे जायला तयार झाले. डॉक्टरने सांगितलं की बारीक आणि मधले आवाज मिलने केव्हाच खाल्ले. बोलणंही त्यांना नीट पोहोचत नाही. खालचे जाड आवाज तेवढे उरलेत, आणि तेही किती टिकतील सांगता येत नाही.

ताईने घरी येऊन भाऊजींना बसवून सांगितलं. "या घरातली एकच गोष्ट बाबाइले बरोबर ऐकू यायची," ती म्हणाली. "तुमचं वाजवणं. ते पेडलचे डबे आले आन् तेबी गेलं. जोवर कान हायेत तोवर साधं वाजवा त्याइच्यासाठी."

यावर कोणताही शहाणा माणूस उठून त्या डब्या माळ्यावर टाकतो. भाऊजींनी विचार केला आणि म्हणाले, "कमी ऐकू येते ना? मग मी आवाज वाढवतो." आणि त्यांनी खरंच सगळ्या डब्यांचे कान पिळून आवाज वाढवला. चर्र होतं त्याचं किर्र झालं. शेजारची कलावतीबाई भांडायला आली. काका बाहेर गल्लीत स्वस्थ बसून होते. ताईने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिला रडू येत होतं आणि मला हसू. बापावर याचं प्रेम नाही असं मी म्हणत नाही. पण प्रेमसुद्धा आधी स्वतःच्या पेडलमधून गाळून घेणारा माणूस मी हा एकच पाहिला.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. वर्षातून त्या एका दिवशी मिल बंद असते. मशीनला हार घालतात, शेडमध्ये सतरंज्या टाकतात, भंडारा होतो आणि दुपारी ऑर्केस्ट्रा. काकांच्या मिलची एक जुनी पद्धत आहे. त्या वर्षी रिटायर होणाऱ्याला पुढे बोलावून हार घालतात आणि त्याची एक फरमाइश ऑर्केस्ट्राने वाजवायची. एरवी लोक जुनं सिनेमाचं गाणं सांगतात, नाहीतर देवीचं जसगीत. यंदा ऑर्केस्ट्रा आमचाच होता.

निघताना ताई भाऊजींना म्हणाली, "आज तरी ते डबे नका लावू." मी समोरच होतो. भाऊजी म्हणाले, "इतने लोगों के सामने साधा बजाऊँ?" आणि प्लायवूडची फळी माझ्याच हातात दिली, गाडीत ठेवायला.

काकांना हार घातला गेला. गुलाल लागला. कोणीतरी माइक हातात दिला आणि हातवारा करून विचारलं, फरमाइश काय? शेडमध्ये मशीन बंद असल्यामुळे काकांचा आवाज उगाच मोठा वाटत होता.

"माह्या पोट्ट्याचं ऐकाचं हाय," ते म्हणाले. "बाकी कोणी वाजवू नका. त्याच्या एकट्याचं. लय दिवस झाले."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची ओढली, स्टेजच्या बाजूला बासच्या स्पीकरचा मोठा डबा होता त्याला टेकवली आणि डब्यावर हात ठेवून डोळे मिटून बसले. ताई माझ्याकडे बघत होती. अश्विनने मला हात वर करायची खूण केली. फरमाइश एकट्याची होती, तेव्हा मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

भाऊजी पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजच्या पुढे. मान मागे टाकली आणि एक नाही, सगळ्याच डब्या दाबल्या. शेडचं पत्र्याचं छत किरकिरायला लागलं. तो आवाज फाटत होता, थरथरत होता, परत परत येत होता, त्यात बास तेवढा नव्हता. मी काकांच्या हाताकडे बघत होतो. तो डब्यावर तसाच पडून होता. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, कारण गभण्यांचा मुलगा होता आणि भंडाऱ्याचं जेवण पोटात होतं. बरंच वाजवून भाऊजींनी शेवटची तार ओढली, घामाने भिजले होते, आणि वाकून नमस्कार केला. टाळ्या झाल्या.

काकांनी डोळे उघडले. मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, "सुरू कर ना बाप्पा. काहून थांबला?"

मागे दोघंचौघं हसले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याने टोमणा मारला. भाऊजींनाही तेच वाटलं. त्यांचा चेहरा गुलालापेक्षा लाल झाला. अश्विनला म्हणाले, "सुन लिया? सबके सामने." गिटार स्टँडवर टेकवली आणि ताडपत्रीच्या मागे निघून गेले. डॉक्टरने सांगितलं, बायकोने सांगितलं, बापाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तरी या माणसाला ऐकू आला तो फक्त स्वतःचा अपमान. बहिरा कोण, असं मी तेव्हा मनात म्हणालो.

काका तसेच बसून होते. पुन्हा डोळे मिटून, डब्यावर हात ठेवून, वाट बघत. त्यांना घाई नव्हती. पुढच्या माणसाला फरमाइशीसाठी बोलवायचं होतं आणि कोणाला काय करावं सुचत नव्हतं. ताईने कीबोर्डकडे बघून मला मानेने खूण केली.

मी डावा हात खाली ठेवला. कोणतं गाणं असं नव्हतं. खालचा सा धरला, तिथून हळूहळू उतरलो, पुन्हा चढलो, संथ, मोकळं. काकांची बोटं डब्यावर हलली. मग मान हलायला लागली. शेजारी त्यांच्याबरोबर काम केलेले धर्मपालजी बसले होते. काका त्यांना म्हणाले, बहिरी माणसं सांगतात तसं, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं: "माहा पोट्टा वाजवून राहिला."

धर्मपालजींनी स्टेजकडे बघितलं. तिथे पोट्टा नव्हता, मी होतो. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान डोलावली.

ताडपत्रीच्या मागेही ते वाक्य ऐकू गेलं असणार, कारण भाऊजी बाहेर आले. माझ्या डाव्या हाताकडे बघत उभे राहिले. इतके दिवस लोक कशावर नाचत होते तेही त्यांना त्याच वेळी कळलं असावं. मग त्यांनी गिटार गळ्यात अडकवली. वायर लावली नाही. काकांच्या समोर येऊन उभे राहिले आणि माझ्या हाताकडे चोरून बघत तारांवर नुसती बोटं फिरवायला लागले. काकांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना समोर मुलगा वाजवताना दिसला. ते इतके खूश झालेले मी कधी बघितले नव्हते.

भाऊजींनी हे बापासाठी केलं की स्वतःची लाज झाकायला, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यांचा इतिहास बघता मी दुसरीकडे झुकतो.

कार्यक्रम संपल्यावर काका स्टेजवर चढले. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लोकेश, तुह्या पेटीचं मले काही ऐकूच नाही आलं. जरा दम लावून वाजवत जाय. आमच्या निरंजनचं पाह्य कसं."

"हव काका," मी म्हणालो. भाऊजी बाजूलाच वायर गुंडाळत होते. ते खरं काय ते सांगतील अशी मला आशाही नव्हती.

पुढच्या रविवारी मी ताईकडे गेलो तेव्हा पेडलांची फळी पलंगाखाली सरकवलेली होती आणि वायर गिटारमधून सरळ स्पीकरमध्ये गेली होती. भाऊजी साधा बास वाजवत होते, आणि खोटं कशाला बोलू, बरा वाजवत होते. काका खुर्ची घेऊन आले. डब्यावर हात ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पण त्या दिशी मिलमधी वाजवलं होतं ना, ते अलगच होतं. ते वाजव."

भाऊजींनी आठवून आठवून काहीतरी वाजवलं. काकांनी मान हलवली, हे नव्हे. भाऊजींनी दुसरं वाजवलं. काका हात न काढता वाट बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती, ती आत निघून गेली. कितीतरी वर्षं मला या माणसाची फजिती बघायची होती, आणि आता ती पुढ्यात होती तर मला ती बघवेना, याचाच मला राग आला.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत ते माझ्याशी हिंदीतच बोलत आलेत, तोऱ्यात. आता हळू आवाजात, काकांना ओठ दिसणार नाहीत अशी मान वळवून, म्हणाले, "लोकेश, तू काय वाजवलं होतं ते मले शिकवतं काय?"

मी त्यांच्या बाजूला जमिनीवर बसलो आणि एकेक सूर सांगत गेलो. पहिल्याच वळणावर ते चुकले. काकांनी डब्यावर थाप मारली. "हे नाही," ते म्हणाले. "अजून एक डाव कर."

भाऊजींनी बोटं पुसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.